साने गुरुजी आणि बेचाळीस रात्रींचं युनिव्हर्स

सुपरहीरोंच्या पिक्चरवरून प्रत्येक हॉस्टेलमध्ये दोन पार्ट्या असतात. पहिल्या पार्टीचं म्हणणं असं की, पिक्चर आपल्यापुरता पूर्ण पाहिजे. तिकीट काढलं, बसलो, समजलं, परत आलो. दुसरी पार्टी म्हणते, खरी मजा धाग्यात आहे. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून २०१९ च्या 'एंडगेम'पर्यंत बावीस पिक्चर ज्याने ओळीने पाहिले, त्यालाच शेवटी रडू येतं! पुढे २०२२ साली आलेला डॉक्टर स्ट्रेंजचा पिक्चर नीट समजायला आधी 'वांडाव्हिजन' ही अख्खी सिरीज पाहिलेली असावी लागली, तेव्हा पहिली पार्टी जाम वैतागली. पिक्चरलासुद्धा होमवर्क?

ही भांडणं आजची नाहीत. अमेरिकेत डीसी कॉमिक्सच्या गोष्टींचा पसारा एवढा वाढला की कुठल्या अंकात कोण मेलं, कोण जिवंत आहे, कुठली पृथ्वी खरी याचा कुणालाच मेळ लागेना. शेवटी १९८५-८६ मध्ये बारा अंकांची एक खास मालिका काढून त्यांनी सगळी साफसफाई केली. म्हणजे बघा, धागा फार घट्ट केला तर नवीन वाचक आत येत नाही. धागा सोडून दिला तर जुना वाचक म्हणतो, मग मी इतकी वर्षं काय वाचत होतो?

आता तुम्ही म्हणाल, यात साने गुरुजी कुठून आले? सांगते.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. साने गुरुजी म्हणजे माझ्यासाठी भिंतीवरचा टोपीतला फोटो आणि शाळेतली एक प्रार्थना, एवढंच होतं. 'श्यामची आई' मी पूर्ण वाचलं ते इंजिनीअरिंगला आल्यावर, आणि तेही ओळीने नाही. आधी मधलीच एक रात्र, मग मागची, मग शेवट, मग पहिल्यापासून. आणि वाचता वाचता लक्षात आलं की वरच्या दोन पार्ट्यांचं भांडण या माणसाने १९३३ मध्येच मिटवलं आहे! त्यासाठी लागणारी प्रॅक्टिस त्याने आपल्याच खानदेशात केली. अमळनेरच्या हॉस्टेलमध्ये आणि धुळ्याच्या जेलमध्ये. म्हणून हा लेख.

पालगड ते अमळनेर

पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव पालगड, कोकणात. घराणं खोतांचं, एकेकाळी बरं चाललेलं. पण पांडुरंग कळता होईपर्यंत सगळं उतरणीला लागलं होतं. वाटण्या, कोर्ट, कर्ज, सावकार. दापोली, औंध, पुणे असं करत करत, कधी अर्धपोटी राहून तो शिकला. १९१७ मध्ये आई यशोदाबाई वारली. मुलगा शिक्षणासाठी लांब होता, शेवटची भेट झाली नाही. ही एक गोष्ट त्याच्या मनातून कधीच गेली नाही.

पुढे तत्त्वज्ञान या विषयाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तिथे काही फार रमले नाहीत. १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि नंतर शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कोकणातला हा लाजाळू, हळवा माणूस आणि समोर खानदेशची पोरं! ज्यांच्या घरी आईला 'माय' म्हणतात, जेवणात कळण्याची भाकरी आणि ठेचा असतो, आणि बोलणं आपलं सरळसोट. जमणार कसं?

पण जमलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या आठवणी लिहून ठेवल्यात त्यात पुन्हा पुन्हा येतं की, गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, कपडे धुवायचे, कुणी आजारी पडलं तर उशाशी बसायचे. (आमच्या रेक्टर मॅडमनी हे वाचून टेन्शन घेऊ नये!) याच काळात ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक, लक्षात घ्या! रोज हाताने लिहायचं आणि मुलांना वाचायला लावायचं. पुढे 'विद्यार्थी' नावाचं मासिकही काढलं.

आपलं मॅगझीन वर्षातून एकदा निघतं तरी एडिटोरियल कमिटीची झोप उडते. रोजचं काढायचं म्हणजे काय प्रकार असेल? कालचा अंक ज्याने वाचला नाही त्यालाही आजचा कळला पाहिजे. आणि जो रोज वाचतो त्याला रोज काहीतरी पुढचं मिळालं पाहिजे. सुपरहीरोवाल्यांचा तोच प्रॉब्लेम, फक्त कंदिलाच्या उजेडात.

धुळ्याचे अठरा रविवार

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. जेल झाली. आधी धुळे, मग पार दक्षिणेत त्रिचनापल्ली. तिथे वेगवेगळ्या प्रांतांचे कैदी एकत्र. गुरुजींनी तिथे तमिळ शिकायला घेतलं आणि पुढे तमिळमधल्या 'कुरल'चं मराठी केलं. एकमेकांच्या भाषा शिकल्या तर भांडणं कमी होतील, ही जी 'आंतरभारती'ची कल्पना त्यांनी नंतर मांडली तिचं मूळ इथलं.

१९३२ मध्ये पुन्हा अटक, पुन्हा धुळे. आणि या वेळी सोबत विनोबा भावे! जेलमधल्या राजकीय कैद्यांपुढे विनोबांनी दर रविवारी गीतेवर बोलायचं ठरलं. २१ फेब्रुवारी १९३२ ला पहिला अध्याय आणि १९ जून १९३२ ला अठरावा. अठरा रविवार, अठरा अध्याय, एकही खाडा नाही. विनोबा बोलत होते आणि गुरुजी भराभर लिहून घेत होते. आज जगात कितीतरी भाषांमध्ये वाचलं जाणारं 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्याला मिळालं ते गुरुजींच्या त्या वेगवान हातामुळे. मी धुळ्याची. तरीसुद्धा हे जेल आपल्या गावातलं एवढं मोठं ठिकाण आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बसमधून जाताना आपण फक्त भिंत बघतो.

इथे जरा थांबा. जेलमधल्या श्रोत्यांचा विचार करा. कुणाची शिक्षा संपते, कुणी नवीन येतो, कुणाची बदली दुसऱ्या जेलमध्ये होते. म्हणजे सातव्या रविवारी आलेला माणूस पहिले सहा ऐकलेला असेलच असं नाही. म्हणून ते पुस्तक उघडून पाहा. विनोबा बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला मागच्या अध्यायात काय झालं ते थोडक्यात सांगतात आणि मग त्या दिवसाचा विषय असा मांडतात की तेवढाच ऐकला तरी हातात काहीतरी पडावं. आणि अठराच्या अठरा ऐकणाऱ्याला शेवटी अख्खी इमारत दिसते. आपल्या सिरीजमध्ये सुरुवातीला 'आतापर्यंत तुम्ही पाहिलंत' असं येतं ना, तेच!

हे सगळं गुरुजी नुसतं ऐकत नव्हते, लिहीत होते. माझा अंदाज असा की, लिहिणाऱ्या हाताला असा साचा बसतोच. त्यानंतर आठ महिन्यांनी त्यांनी जे लिहिलं ते बघा.

नाशिक जेलमधले पाच दिवस

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटेपर्यंत पुस्तकाचा मोठा भाग लिहून झाला होता. वय तेहतीस. आपण सबमिशनच्या आधी पाच दिवसांत जर्नल पूर्ण करतो तसं नव्हे बरं का, कॉपी करायला समोर काही नव्हतं!

पुस्तकाची रचना अशी. एका आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. गावातलेही लोक ऐकायला येतात. एक रात्र, एक गोष्ट. अशा बेचाळीस रात्री.

आता यातली कुठलीही रात्र उचला. 'अळणी भाजी' घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवून उठतात, मुलंही गप्प, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. बस्स. चार पानं. आधीचं काही माहीत नसलं तरी चालतं. 'श्यामचे पोहणे' घ्या. पोहायला घाबरून लपलेल्या पोराला आई मारत मारत विहिरीवर पाठवते आणि नंतर तिचाच जीव तुटतो. तीही आपल्यापुरती पूर्ण. म्हणून तर वर्षानुवर्षं शाळेच्या पुस्तकात यातली एकेक रात्र धडा म्हणून बसते आणि कुठे तुटल्यासारखी वाटत नाही. पहिली पार्टी खूश!

पण आता ओळीने वाचा. पहिल्याच रात्री, वटसावित्रीच्या गोष्टीत, आई हिवतापाने अशक्त झालेली आहे. स्वतः वडाला प्रदक्षिणा घालता येत नाहीत म्हणून ती श्यामला पाठवते. त्या रात्री आपलं लक्ष श्यामच्या लाजण्याकडे असतं. आईचा अशक्तपणा आपण वाचून विसरून जातो. दहाव्या रात्री मोठं घर सुटून झोपडीवजा घर आलेलं असतं. तेव्हाही गोष्ट त्या लहानशा घराच्या आनंदाची वाटते. मग हळूहळू कर्जाचा उल्लेख वाढत जातो. बत्तिसाव्या रात्रीच्या तर नावातच कर्ज आहे. सदतिसाव्या रात्री घराची अब्रू दवंडी पिटून चव्हाट्यावर येते. आणि अडतिसाव्या रात्रीपासून आईचं शेवटचं आजारपण. तिथे पोचल्यावर पहिल्या रात्रीचा तो ताप आठवतो आणि पोटात खड्डा पडतो. दुसरी पार्टीही खूश. खूश कसली, रडत बसलेली!

आपल्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगमध्ये कोहेजन आणि कपलिंग शिकतो ना आपण? मॉड्यूल आतून घट्ट असावं आणि दुसऱ्या मॉड्यूलवर कमीत कमी अवलंबून असावं. गुरुजींची प्रत्येक रात्र आतून घट्ट आहे. एका रात्रीतली घटना कळायला दुसऱ्या रात्रीची घटना माहीत असायलाच हवी असं जवळजवळ कुठे नाही. मग सगळ्या रात्री जोडतं कोण? दोनच गोष्टी. एक म्हणजे आईचा स्वभाव, जो पहिल्या रात्रीपासून शेवटपर्यंत बदलत नाही. आणि दुसरी म्हणजे घरची परिस्थिती, जी प्रत्येक रात्री थोडी थोडी खाली जाते. एक कॉन्स्टंट, एक व्हेरिएबल. बस, एवढ्यावर अख्खं युनिव्हर्स उभं आहे!

मला वाटतं आजच्या सुपरहीरोवाल्यांची गडबड इथेच होते. ते धागा प्लॉटमध्ये शोधतात. कुठला मणी कुठल्या पिक्चरमध्ये कुणाच्या हातात गेला, याची यादी ठेवावी लागते. गुरुजींनी धागा माणसात ठेवला. माणूस लक्षात ठेवायला यादी लागत नाही.

आणि युनिव्हर्स म्हणते ते उगाच नाही. श्याम या एका पुस्तकात संपत नाही. 'श्याम' आणि 'श्यामचा जीवनविकास' या पुस्तकांत त्याचं शिक्षण, त्याचे मित्र, त्याची गरिबी येते. 'धडपडणारी मुले'मध्ये हॉस्टेलचं जग येतं. एकाच आयुष्याच्या भोवती ही सगळी पुस्तकं फिरतात, पण कुठलंही आधी वाचलं तरी अडत नाही. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई'वर पिक्चर काढला, वनमाला आई आणि माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. पुस्तकातल्या सुट्या रात्री अत्र्यांनी पडद्यावर एका सलग कथेत ओवल्या आणि तरी गोष्ट मोडली नाही.

पुढचे अंक

गुरुजींच्या आयुष्याचंही असंच आहे. प्रत्येकाला त्यातली एकेक रात्र माहीत असते. जळगाव जिल्ह्यात लोक फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचं सांगतात. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, आणि त्यासाठी गावोगाव फिरलेले गुरुजी. अमळनेरचे लोक सांगतात की त्यांनी तिथून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक चालवलं, शेतकरी-कामगारांसाठी भांडले. कुणी १९४२ च्या भूमिगत दिवसांचं सांगतो.

पंढरपूरची गोष्ट मात्र सगळ्यांनी वाचायलाच हवी. विठ्ठल सगळ्यांचा म्हणायचं आणि दलितांना देवळात घ्यायचं नाही, हे गुरुजींना सहन होईना. त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, सभा घेतल्या आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. १० मेला ते सुटलं आणि विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. ज्याला लोक 'रडका' म्हणतात त्या माणसाने हे केलं! त्यांच्या डोळ्यात पाणी लगेच यायचं हे खरं. पण पाणी आलं म्हणून ते मागे हटल्याचं मला तरी कुठे दिसलं नाही.

जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला. गुरुजींनी फेब्रुवारीत एकवीस दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं, जे आजही निघतं. बाहेरून काम चालूच होतं. आत काय चाललं होतं ते जवळच्यांनाही पूर्ण कळलं नसावं. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

हे लिहावं की नाही यावर मी खूप विचार केला. बरेच लेख इथे फक्त निधन झालं असं लिहून पुढे जातात. दुसरीकडे काही लोक फक्त एवढंच लक्षात ठेवतात आणि म्हणतात, बघा, शेवटी काय झालं. कॉमिक्समध्ये याला एक शब्द आहे, रेटकॉन. म्हणजे नंतरच्या एका अंकात असं काहीतरी घालायचं की आधीच्या सगळ्या अंकांचा अर्थच बदलून जावा. गुरुजींच्या बाबतीत लोक हेच करतात. शेवटचा दिवस घेतात आणि त्याने आधीची पन्नास वर्षं खोडतात.

मला हे पटत नाही. अमळनेरमध्ये ज्या आजारी मुलाच्या उशाशी ते बसले ती रात्र पूर्ण आहे. धुळ्यातले अठरा रविवार पूर्ण आहेत. पंढरपूरचे ते दिवस पूर्ण आहेत. ते खरे ठरायला पुढच्या कुठल्या अंकाची गरज नाही आणि पुढचा कुठलाही अंक ते खोटे ठरवू शकत नाही.

पण म्हणून शेवट मोठा किंवा सुंदरही मानायचा नाही. त्यात काही थोर नाही. ते नुसतं दुःख आहे. दुसऱ्यांच्या मुलांना रात्र-रात्र सांभाळणारा माणूस, त्याच्या त्या एका रात्री त्याच्या उशाशी कुणी नव्हतं. मला या सगळ्या गोष्टीतलं हेच सगळ्यात जास्त लागतं.

आपण हॉस्टेलवाले आहोत म्हणून हे सांगते. आपल्याकडे केटी लागते, प्लेसमेंट हुकते, घरून फोन येतो की यंदा कापूस गेला, कर्ज वाढलं. त्या रात्री वाटतं की हाच शेवटचा अंक. तसं नसतं. ती एक रात्र असते. शेजारच्या रूमचं दार वाजवा, कितीही वाजले असले तरी. कुणाशीच बोलवत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि आपल्या विंगमध्ये कुणी चार दिवस मेसला दिसलं नाही तर जाऊन विचारायचं काम आपलं आहे. गुरुजी वॉर्डन असते तर त्यांनी पहिलं हेच केलं असतं.

असो. फारच सिरियस झालं!

जाता जाता एक सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झालं. सुरत-भुसावळ लाइनवर अमळनेर स्टेशन आहे, जळगावहून एका रविवारात जाऊन येता येतं. प्रताप हायस्कूल आणि तत्त्वज्ञान मंदिर दोन्ही तिथेच. आणि तेवढंही नको असेल तर आपल्या लायब्ररीत 'श्यामची आई' आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी फक्त अठरावी रात्र वाचा, दहा मिनिटं लागतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी पहिल्या रात्रीपासून सुरुवात करा आणि आईच्या तापाकडे लक्ष ठेवा.